वळणात ते मागे पडतं

२१ मे १९४०, विदरली

आम्हाला दैनंदिनी लिहायला बंदी आहे. शत्रूच्या हाती पडली तर काय, असं कारण देतात. शत्रू विदरलीपर्यंत पोचला तर त्याला इथे माझ्या खरडीपेक्षा पुष्कळ चांगल्या गोष्टी मिळतील, तेव्हा मी लिहिणार.

आज ते आलं. जर्मनांचं मेसरश्मिट विमान, एक ओरखडासुद्धा नसलेलं. कोणी बिचारा वाट चुकून फ्रान्समध्ये भलत्याच तळावर उतरला आणि फ्रेंचांनी ते आमच्या गळ्यात घातलं. त्याच्यावर आता आमच्या ब्रिटिश वायुदलाची वर्तुळं रंगवली आहेत आणि पोट पिवळं केलंय, म्हणजे आमचेच तोफवाले त्याला पाडणार नाहीत. तरी बघितल्यावर छातीत धस्स होतंच. सगळा तळ हँगरपाशी जमला होता. स्वयंपाकीसुद्धा कढई चुलीवर टाकून आला.

आमच्या तुकडीचं काम लढायचं नाही, तुलना करायचं. दोन विमानं वर न्यायची, खोटी झुंज खेळायची आणि कोण वेगाने चढतं, कोण सूर मारतं, कोण आत वळतं ते लिहून काढायचं. ते लिहिलेलं लढणाऱ्या स्क्वाड्रनच्या पोरांना जातं. आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. अर्धी झुंज झाली की उतरायचं, वैमानिकांनी विमानं बदलायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं. म्हणजे विमान जिंकलं की माणूस, हा घोळ राहत नाही.

या वेळी अदलाबदल नाही. विंग कमांडर ऑर्पवुड साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हेझलडीन, हे एकच आहे. मोडलंस तर दुसरं बर्लिनहून मागवू का? फेलनच्या हातात देऊ नकोस. तूच उडव. आणि जपून."

जपून उडवण्याबद्दलच माझं नाव आहे. इतक्या वर्षांत मी एकही विमान मोडलेलं नाही. माझा जोडीदार वैमानिक फेलन, त्याने तीन मोडली आहेत आणि तिन्हींच्या गोष्टी तो मेसमध्ये रंगवून सांगतो.

२४ मे

पहिलं उड्डाण झालं. बैठक इतकी अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. झाकण बाजूने येऊन डोक्यावर बसतं, पेटी बंद केल्यासारखं, आणि हवेत ते उघडता येत नाही. आपल्या स्पिटफायरमध्ये निदान झाकण मागे सरकवून बाहेर तोंड काढता येतं. डाव्या पायाने पेडल सतत दाबून धरावं लागतं, पोटरी भरून आली.

उतरलो तेव्हा हातमोजे आतून चिंब होते. हवा खेळती राहायची जर्मनांनी काहीच सोय केलेली दिसत नाही. अहवालात नोंदवायला हवं.

फेलन म्हणाला, "वर तर गारठा होता की." फेलन आयरिश आहे, त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचंच असतं.

३० मे

आज खरी झुंज. मी मेसरश्मिटमध्ये, फेलन स्पिटफायरमध्ये.

चढण्यात मी त्याला सहज मागे टाकलं. मग मी नाक खाली दाबून सूर मारला. तो माझ्यामागे आला तेव्हा त्याचं इंजिन खोकलं आणि क्षणभर बंद पडलं. आपल्या इंजिनाचं हे दुखणं जुनंच आहे, नाक एकदम खाली दाबलं की पेट्रोल पोचत नाही. जर्मनांचं इंजिन पेट्रोल पिचकारीने घेतं, त्यांना ही कटकट नाही. तेवढ्यात मी पार लांब गेलो होतो. फेलन खाली आल्यावर त्याने ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून नवा फिटर लाल झाला.

मग वळण. फेलन माझ्या मागे लागला, मी डावीकडे कलंडलो आणि विमान चालवायचा दांडा पोटाशी ओढत गेलो. जर्मनांच्या पंखांच्या पुढच्या कडेला पट्ट्या आहेत. विमान हवेवरची पकड सोडायला लागलं की त्या आपोआप बाहेर येतात. ते कागदावर वाचलं होतं. प्रत्यक्षात काय होतं, तर धाडकन आवाज होतो, जणू कोणी पंखावर हातोडा घातला, आणि दांडा हातात झटका देतो. अख्खं विमान थरथरतं. ही त्याची हद्द, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी दांडा सैल सोडला. तोवर फेलन आतून वळून माझ्या शेपटीवर आला होता.

पुन्हा केलं. पुन्हा धाडकन, पुन्हा मी सैल सोडलं, पुन्हा फेलन शेपटीवर. चार वेळा केलं आणि चारही वेळा तेच. याहून स्वच्छ निकाल मी आजवर पाहिलेला नाही.

२ जून

अहवालाचा मसुदा पुरा केला. सर्वांत महत्त्वाचं वाक्य वळणाबद्दलचं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा घासूनपुसून लिहिलं, कारण स्क्वाड्रनमधली पोरं लांबलचक वाचत नाहीत. शेवटी असं ठरलं: "चढण्यात व सूर मारण्यात शत्रूचं विमान सरस, पण वळणात ते मागे पडतं. ते मागे लागलं तर वळा, आणि वळत राहा."

फेलनने वाचलं आणि नाक खाजवलं. "हद्द म्हणजे काय रे? पट्टी वाजली म्हणजे हद्द?"

"तू आत नव्हतास. दांडा हातातून निसटत होता."

"म्हणून तर म्हणतो, मला बसू दे ना एकदा. रिवाज आहे आपला."

"आणि मोडलंस तर?"

"मोडलं तर मी आत असेन. तुला काय त्रास?"

त्याला समजावण्यात अर्थ नाही. साहेबांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, "शाब्बास. पोरांना असलंच काहीतरी हवं आहे. डंकर्कवरून आलेले सगळे तोंडं पाडून बसलेत." त्यांनी सही केली.

९ जून, रविवार

हेस्टरकडे, म्हणजे घरी. सायकलने तासाभराचा रस्ता. डेन्झिल दोन दिवसांच्या रजेवर आलाय, म्हणून हेस्टरने साठवलेलं सगळं लोणी काढलं. डेन्झिल तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, हिनेच वाढवला. लग्नाआधी हिने मला अट घातली होती की डेन्झिलला वेगळं काढायचं नाही. मी कधी काढलाही नाही. पोरगा तसा गोड आहे. माझ्या जपून वागण्याची थट्टा म्हणून तो मला मास्तर म्हणतो.

डेन्झिल डंकर्कवर लढून आला आहे. वाळला आहे, आणि खाताना ताटाकडे न बघता खिडकीबाहेर आकाशाकडे बघतो. हेस्टर म्हणाली, "अरे, ताटात बघ, जर्मन काय बटाट्यात लपलेत?" तो हसला, पण पुन्हा तेच.

जेवण झाल्यावर आम्ही बागेत गेलो. ही भोपळ्याच्या वेलांना पाणी घालत होती.

"मास्तर, तुम्ही ते जर्मनांचं उडवता म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. एकच सांगा मला. बाकी सगळं गेलं तेल लावत. तो माझ्या मागे लागला आणि मी वळलो, तर तो माझ्याबरोबर वळू शकतो का?"

गुप्त गोष्ट होती, पण थोड्या दिवसांत त्याला ती कागदावर मिळणारच होती. मी सांगितलं, "नाही. मी स्वतः आत बसून बघितलंय. तू वळ आणि वळत राहा, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. तो सुटतो."

"नक्की?"

"मी कधी नक्की नसताना बोललोय?"

त्याने मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "आमच्यातले तिघे सूर मारून निसटायला गेले आणि तिघेही गेले. मी तेव्हापासून ठरवू शकत नव्हतो. आता ठरलं." आणि हेस्टरला हाक मारून म्हणाला, "ताई, तुझा नवरा कामाचा माणूस निघाला गं. मी उगाच लग्नात तोंड वाकडं केलं होतं."

हेस्टर रात्री मला म्हणाली की आज तो झोपला. बऱ्याच दिवसांनी झोपला असावा. मला फार बरं वाटलं. आपल्या कामाचा घरच्या माणसाला उपयोग होतो, असं सुख थोड्यांच्या वाट्याला येतं.

१० जुलै

अहवालाचा सारांश सगळ्या स्क्वाड्रनना गेला. एका ठिकाणी माझं वाक्य म्हणे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलंय. साहेब खूष. फेलन नाखूष, पण तो कधी खूष असतो? त्याने तिसऱ्यांदा मेसरश्मिट मागितलं. तिसऱ्यांदा नाही म्हणालो.

चहावर आता रेशन आलं. जर्मन येवोत न येवोत, हा देश चहावाचून मरणार.

११ ऑगस्ट

किनाऱ्यावर रोज लढाई. आमच्याकडे आवाज येत नाही, फक्त दुपारी आकाशात पांढऱ्या रेघांचा गुंता दिसतो. डेन्झिल तिथेच आहे. हेस्टर पोस्टाच्या पोराची सायकल वाजली की कपडे वाळत घालायचं थांबवते. पोरगा पुढे गेला की पुन्हा घालते.

१९ ऑगस्ट

आज लष्करी इस्पितळात गेलो. तिथे एक जर्मन वैमानिक पाय मोडून पडला आहे. लेफ्टनंट एगर्ट. इंग्रजी छान बोलतो, कुठल्याशा काकूकडे ब्रायटनला शिकायला होता. मेसरश्मिटच्या इंधनाबद्दल काही विचारायचं होतं, ते त्याने सांगितलं नाही, आणि बरोबरच केलं. मी त्याला सिगारेट दिली. मग इकडचं तिकडचं बोलणं निघालं.

तो म्हणाला, "तुमची पोरं वळतात. सारखी वळतात. कोणी शिकवलंय का त्यांना?"

मी म्हणालो, "वळणात तुमचं मागे पडतं म्हणून वळतात."

तो हसला. पाय दुखत असल्यामुळे अर्धवट हसला. "नव्या पोरांचं पडतं. पट्ट्या वाजल्या की घाबरतात आणि सोडून देतात. आम्हाला शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पट्ट्या वाजल्या की वळायला सुरुवात झाली समजायचं. त्याआधी नुसती तयारी. ओढत राहिलं की दुसऱ्या धडाक्यानंतर विमान शांत होतं."

"आणि गिरक्या खात खाली जात नाही?"

"जातं की, ज्याला कुठे थांबायचं कळत नाही त्याचं. तुम्ही उडवलंय का हो कधी?"

मी टोपी उचलली आणि निघालो. सायकल चालवत परत येताना विचार केला. जर्मनांना बढाई मारायची सवयच असते. आणि हा तर बिछान्यात पडून आहे, दुसरं काय करणार? मला फूस लावायची, मी दांडा ओढत राहायचं, आमचं एकुलतं एक मेसरश्मिट शेतात घालायचं. त्याला वाटत असेल की ही युक्ती मला कळली नाही.

२० ऑगस्ट

तरी साहेबांच्या कानावर घातलं. लपवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

साहेब म्हणाले, "मग करून बघ."

मी म्हणालो, इंजिनाची तपासणी राहिली आहे, आणि डावं चाक नीट दाब धरत नाही. ते झाल्यावर बघू.

"किती दिवस?"

"आठवडा."

फेलन कोपऱ्यात उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाक काल ठीक होतं."

"काल होतं."

"गिल्बर्ट, तुला नको असेल तर मी बसतो. मनापासून सांगतो, त्यात लाज नाही."

कसली लाज? या माणसाला नियम आणि भीती यांतला फरकच कळत नाही. मी फिटरला चाक खोलायला सांगितलं. खोललं, तेव्हा त्यात काही निघालं नाही. पण खोललं नसतं तर ते कळलं असतं का?

२७ ऑगस्ट

पावसाळी हवा, ढग खाली. उड्डाणं बंद. तशी दुपारी दोन तास उघडीप होती, पण तेवढ्यात काय होणार?

संध्याकाळी मेसच्या फोनवर डेन्झिल. मागे पियानो आणि आरडाओरडा. आवाज उंच झालाय त्याचा, हसताना तुटतो.

"मास्तर, तुमचा मंत्र चालतोय बरं का! तीनदा वळलो, तीनदा सुटलो."

"वा."

"काल मात्र एक महाभाग चिकटला. किती वळलो, सुटेचना. आरशात बघतोय तर आहेच. तरी वळत राहिलो. शेवटी गेला. पेट्रोल संपलं असेल त्याचं. तसं होतं का हो?"

एगर्टचं बोलणं ओठांवर आलं होतं. पण फोनवर असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, ऐकणारे कोण असतील कोणाला ठाऊक. आणि पोरगं रोज तीनतीनदा वर जातं, त्याच्या डोक्यात आता शंका घालायची? मी म्हणालो, "होतं कधीकधी. थोडं जास्त ओढ."

"ओढतो. ताईला सांगा, मोजे मिळाले. एक मोठा आहे, एक लहान आहे, पण तिच्या प्रेमापुढे पायांनी तक्रार करू नये." आणि फोन तुटला.

३१ ऑगस्ट

डेन्झिल गेला.

हेस्टरला तार आली, तिने तळावर फोन केला. मी सायकल घेतली ते आठवतं, रस्ता आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा ती भोपळे काढत होती. सगळे काढले, कोवळेसुद्धा, आणि ओळीने भिंतीला लावून ठेवले. मी जवळ गेलो तर म्हणाली, "हे कोण खाणार आता?"

४ सप्टेंबर

काल त्याला केंटमध्ये पुरलं. तो कुठल्यातरी बागेत सफरचंदांच्या झाडांमध्ये पडला होता. बागेची मालकीण आली होती. तिने हेस्टरला टोपलीभर सफरचंदं दिली आणि हेस्टर ती सोडायला तयार नव्हती, कबरीपाशीसुद्धा टोपली हातातच.

डेन्झिलबरोबर उडालेला पिल्बीम नावाचा मुलगा होता, भुवया जळलेला. हेस्टर पाद्र्याशी बोलत होती तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"सर, मी वरून बघत होतो. मला जाता आलं नाही, माझ्यावर दोघं होते." त्याने हे आधी पुष्कळांना सांगितलं असणार. "त्याने सगळं बरोबर केलं, सर. अगदी कागदावर आहे तसं. वळला. वळतच राहिला. जर्मन त्याच्या मागे तसाच, जणू दोरी बांधली होती. डेन्झिल खाली ढग होता तिकडे एकदा निसटला असता. नाही गेला. वळतच राहिला."

मी विचारलं, "पूर्ण ओढत होता का?"

पिल्बीमने माझ्याकडे बघितलं. "सर, ओढून ओढून त्याच्या पंखांच्या टोकांवरून वाफ निघत होती."

गाडीत हेस्टरने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी मनात हिशेब मांडत होतो. थकवा असेल. जर्मन हलका असेल, पेट्रोल कमी असेल त्याच्यात. वेग वेगळा असेल. काहीतरी असेलच.

५ सप्टेंबर

फेलन सकाळी माझ्या खोलीत आला. दार न वाजवता. सिगारेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, उगाच, हातांना काहीतरी हवं म्हणून.

"आज अदलाबदल. मी जर्मनात, तू स्पिटफायरमध्ये. साहेबांना सांगून आलोय. ते हो म्हणाले."

मी नाही म्हणालो नाही. का, ते माहीत नाही.

वर स्वच्छ आकाश होतं. आखलं होतं ते सरळ: मी पुढे, तो मागे, खूण झाली की मी वळायचं. मी वळलो. दांडा ओढला. छातीवर वजन बसलं, गाल खाली ओढले गेले, डोळ्यांच्या कडांना करडं दिसायला लागलं. आरशात बघितलं. पिवळं पोट मागे सरकत होतं. मनात म्हणालो, बघ, पडतंय मागे. बघ.

मग त्याच्या पंखांच्या पट्ट्या बाहेर आल्या. लांबून दिसतं ते, कडेला काळी फट पडते. विमान थरथरलं. आता सोडेल. मी सोडत असे ती हीच जागा. त्याने सोडलं नाही. पुन्हा एक हिसका, आणि मग ते शांत झालं. पट्ट्या बाहेरच. आणि नाक हळूहळू आत यायला लागलं, माझ्या आरशात, इंचाइंचाने, पंख्याचा गोल मोठा होत होता. मी ओढलं. तो तिथेच. कुठे जायचं मला सुचेना. मला एकच गोष्ट येत होती आणि ती मी करत होतो.

डेन्झिलने हेच बघितलं. हाच आरसा, हेच नाक. आणि मनात माझं वाक्य.

मी पंख हलवून खूण केली आणि झुंज थांबवली. उतरल्यावर मला झाकण मागे सरकवता येईना. झाकण नीट होतं. फिटरने बाहेरून सरकवलं. हातमोजे चिंब होते, आणि या विमानात तर हवा खेळती असते.

फेलन धावपट्टीच्या कडेला गवतात बसला होता. मला वाटलं, मोठ्याने बोलेल. नाही बोलला. "धडाका वाईट आहे," म्हणाला. "माझीही तंतरली. पहिल्यांदा मीही सोडणार होतो."

"मग?"

"मग म्हटलं, बघू. दुसऱ्या धडाक्यानंतर लोण्यासारखं चालतं." गवताची काडी दातांत धरली. "एक सांगू? तू शेवटपर्यंत ओढलं असतंस तर कदाचित सुटला असतास. स्पिटफायर अजून थोडं आत जातं. पण फरक एवढासा आहे." त्याने दोन बोटांत काडी धरून दाखवली. "तो विमानाचा नाही, ज्याच्या हातात आहे त्याचा. तू दोन्हींत राखून ठेवलंस. जर्मनात राखलंस म्हणून ते वाईट ठरलं."

मी म्हणालो, "मला सांगितलं होतं जपून उडव."

"हो," फेलन म्हणाला. "सांगितलं होतं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर

काल रात्री लंडन जळताना इथून क्षितिजावर दिसलं. आज साहेबांपुढे नवं वाक्य ठेवलं: "निष्णात वैमानिकाच्या हाती शत्रूचं विमान वळणातही आपल्या जवळपास टिकतं, केवळ वळणावर विसंबून राहू नये."

साहेबांनी खूप वेळ वाचलं. चष्मा काढला, डोळे चोळले. ते या आठवड्यात म्हातारे झालेत.

"या आठवड्यात हे पाठवू? आज? पोरं झोपेत उडतायत. त्यांच्याजवळ विश्वास ठेवायला एवढीच गोष्ट आहे, तीही काढून घेऊ?"

फेलन म्हणाला, "साहेब, ती गोष्ट खोटी आहे."

"अर्धी खोटी."

"अर्धीनेच माणूस मरतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हेझलडीन, वाक्य तुझं. तू बोल."

मी म्हणालो, पाठवा. बोललो एवढं मात्र खरं.  साहेबांनी सहीसाठी पेन उचललं, पण "केवळ" या शब्दापुढे थांबले आणि म्हणाले, आधी दोन चाचण्या आणखी करा, मग पाठवू. फेलन दार आपटून गेला. चाचण्या उद्या, परवा. मेसरश्मिटमध्ये मीच बसणार असं सांगितलं आहे. रात्री झोप नाही. त्या धडाक्याचा आवाज स्वप्नात आला नाही तरी मी त्याची वाट बघत पडून असतो.

१० सप्टेंबर

आज बसलो. ओढलं. पहिल्या धडाक्याला हात आपोआप सैल झाले. पुन्हा केलं, पुन्हा सैल झाले. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि ओढत राहिलो, तोंडाने ओरडत होतो असं वाटतं. दुसरा धडाका. मग शांत. फेलन माझ्या पुढे आला, सरळ निशाणाच्या गोलात. इतकं सोपं होतं ते. मे महिन्यात अजून एक क्षणभर धरून ठेवलं असतं तर झालं असतं.

साहेब म्हणाले, वाक्य आज रात्री जाईल. गेलंही.

संध्याकाळी घरी गेलो. हेस्टरला सगळं सांगायचं असं ठरवून निघालो होतो. सायकलवर शब्द जुळवत होतो. ती चुलीपाशी होती, केंटची सफरचंदं शिजवत होती. टोपलीतली शेवटची. साखर नव्हती, तरी शिजवत होती. डेन्झिलचं सामान आलं होतं, ते मोजे टेबलावर होते, एक मोठा, एक लहान.

ती पाठमोरीच म्हणाली, "पिल्बीमचं पत्र आलं. तो लिहितो, डेन्झिलने सगळं बरोबर केलं. तू सांगितलं होतंस तसंच केलं."

"हो."

"तुला काय वाटतं? चुकला का तो? मला खरं सांग, मी ऐकून घेईन. रात्रभर तेच येतं मनात, की त्याने काहीतरी वेडेपणा केला असेल. लहानपणापासून घाई फार त्याला."

"नाही," मी म्हणालो. "तो चुकला नाही. एका शब्दानेही चुकला नाही."

ती वळली. डोळे कोरडे होते, चमचा हातात. "मग कोण चुकलं, गिल्बर्ट?"

सगळे शब्द तयार होते.  चमच्यावरून रस खाली सांडत होता आणि तिला ते कळत नव्हतं. 

मी म्हणालो, "लढाईत असं होतं गं."

तिने मान हलवली. मग माझ्याजवळ येऊन कपाळ माझ्या छातीवर टेकवलं आणि म्हणाली, "तू होतास म्हणून तो शेवटी शेवटी झोपत होता. तेवढं तरी झालं."

सांगणार आहे मी तिला. या रविवारी नाही तर पुढच्या. ती जरा जेवायला-खायला लागली की. सध्या तिला जपायला हवं.